सीटची उंची

मावशीने आयुष्यात दोनच कामं केली, आणि दोन्ही धरण्याची. एरवी हॉस्पिटलच्या लाँड्रीत ओल्या चादरीचं एक टोक, आणि महिन्यातल्या एका रविवारी, वस्ती संपते तिथल्या सपाट रस्त्यावर, शर्यतीच्या सायकलची सीट.

लाँड्री तळघरात होती. बाहेर ऊन आहे की नाही, हे भिंतीतल्या उंच जाळीवरून कळायचं. मशीनमधून निघालेली चादर दोघींनी दोन टोकांना धरायची, एक झटका द्यायचा, ताणायची आणि वाफेच्या रुळाखाली सरकवायची. समोरची बाई जरा ढिली पडली की मावशीच्या मनगटाला आधी कळायचं, डोळ्यांना मागाहून.

"लक्ष कुठंय गं तुझं?"

"तुमच्या हातांना डोळे फुटलेत की काय, मावशी? कठीण आहे बाई तुमच्या सुनेचं."

सून कधी आली नाही.

ती ज्या शर्यतीत सीट धरायची, तिला टाइम ट्रायल म्हणतात. तिच्यात कुणी कुणाच्या शेजारून पळत नाही. मिनिटा-मिनिटाच्या अंतराने एकेकाने सुटायचं आणि ठरलेला रस्ता एकट्याने कापून परत यायचं. कुणाच्या पाठीआड लपता येत नाही. भांडण फक्त वाऱ्याशी आणि घड्याळाशी. सायकलही त्यासाठीच घडवलेली: कोपरं पुढच्या दोन गाद्यांवर टेकवायची, हात पुढे जोडलेले, पाठ पाटासारखी आडवी, मान खाली. सुटताना दोन्ही पाय पॅडलमध्ये अडकवलेले असतात, म्हणून मागून कुणीतरी सीट धरून माणसाला उभं ठेवावं लागतं. घड्याळवाला उलटे आकडे मोजतो आणि 'जा' म्हणतो. धरणाऱ्याने तेव्हा ढकलायचं नाही. ढकललं तर शर्यत बाद. फक्त सोडायचं.

मावशीचा मुलगा पहिल्यांदा उतरला तेव्हा धरायला सायकल क्लबातला कुणी हौशी गृहस्थ होता. त्याचं लक्ष गप्पांत. मुलगा रेषेवरच आडवा झाला, कोपर सोलून निघालं. मावशी डबा घेऊन कडेला उभी होती. तिने डबा खाली ठेवला, पुढे आली आणि म्हणाली, "सरका. द्या इकडे." त्या दिवशी तिने मुलाला धरलं. त्याच्या मागचाही तिलाच म्हणाला, "मला पण धरा ना, मावशी." तेव्हापासून ती सगळ्यांची मावशी झाली आणि सगळ्यांना धरू लागली. पोरं म्हणायची, मावशीने सोडलं की अर्धी शर्यत झाली, उरलेली अर्धी फक्त पायांनी करायची.

मुलगा गोदामात खोकी उचलायचा. उसन्या सायकलवर त्याने क्लबातल्या बऱ्याच जणांना मागे टाकलं, तेव्हा स्वतःची घ्यायची ठरली. मायलेक दुकानात गेले. दुकानदार क्लबातलाच, पोटाने ऐसपैस. त्याला सायकलवर बसलेलं कुणी पाहिलं नव्हतं, पण कुणी कशावर बसावं हे त्याच्याइतकं कुणाला कळत नव्हतं. त्याने दोन सायकली स्टँडवर चढवल्या. एक राखाडी, एक काळी.

"राखाडी घे," तो म्हणाला. "सीटची दांडी वर होते, खाली होते. उद्या विकायची झाली तर कुणालाही बसेल. या काळीला दांडीच नाही. फ्रेमची नळीच सरळ सीटपर्यंत चढते. ती तुझ्या पायाच्या मापाने कापायची. एकदा कापली की कापली. तुझ्याहून उंच माणसाला ती कायमची बाद, आणि बुटक्याला परत कापावी लागणार. सायकल नव्हे, अंगावर शिवलेला कोट समज."

"वेगात फरक पडतो?"

"माझ्या मते नाही. तुझ्या मनाला वाटला, तर पडतो."

मुलगा दोन्हींकडे आळीपाळीने बघत राहिला. शेवटी म्हणाला, "आई, कुठली?"

मावशीने रंग पाहिला नाही, चाकं पाहिली नाहीत. ती राखाडीच्या मागे जाऊन उभी राहिली, रेषेवर धरते तशी दोन्ही हातांनी सीट धरली आणि पिळली. केसभर हलली.

"स्क्रू आवळला की नाही हलणार," दुकानदार म्हणाला.

"आत्ता हलली ना?"

मग काळीच्या मागे गेली. पिळली. भिंत पिळावी तसं झालं.

"ही घे," ती म्हणाली. "ही हलत नाही."

"आणि मी अजून वाढलो म्हणजे?"

"एवढा घोडा झालास. आता कुठे वाढतोस?"

दुकानदाराचं पोट हसून हललं. मुलाला त्याने सायकलवर बसवलं, पाय फिरवायला लावले, टाच पाहिली, गुडघा पाहिला, नळीवर पांढऱ्या पेन्सिलने खूण केली. बारीक दातांच्या करवतीने, ओलं फडकं लावून, तो नळी कापत असताना मावशीने ती धरली होती. तुकडा सुटून तिच्या हातात आला. पोकळ, एका बाजूला निमुळता, ओंजळीत मावेल एवढा.

"घे आई," मुलगा म्हणाला, "माझा जास्तीचा भाग."

घरी त्या तुकड्याचा उपयोग झाला. पुढच्या खोलीच्या खिडकीची झडप वाऱ्याने आपटायची. तो खाली सारला की गप्प बसायची.

त्या सायकलवर तो काही हंगाम धावला आणि त्या रस्त्याची क्लबातली सगळ्यात कमी वेळ त्याच्या नावावर लागली. क्लबच्या खोलीतल्या फळ्याच्या वरच्या कोपऱ्यात ती खडूने लिहिलेली होती. फळा पुसणारा तेवढा कोपरा सोडून पुसायचा. मग एका सकाळी मुलगा साध्या सायकलवरून कामाला निघाला आणि गोदामाच्या दारात रिव्हर्स घेणाऱ्या टेम्पोने त्याला भिंतीशी दाबलं. शर्यत नव्हती. वेग नव्हता. टेम्पो तर चालत्या माणसाच्या गतीने येत होता.

नेलं ते तिच्याच हॉस्पिटलात. त्या आठवड्यात तळघरात उतरलेल्या चादरींपैकी त्याची कुठली, हे तिने शोधलं नाही. सगळ्या धरल्या, सगळ्या ताणल्या.

त्याचे कपडे देऊन टाकले. बूट देऊन टाकले. काळी सायकल पुढच्या खोलीत भिंतीला टेकून राहिली, मावशीच्या नवऱ्याच्या खाटेसमोर. नवरा पहारेकरी होता, आता पायांनी साथ सोडल्यामुळे घरीच असायचा. मावशी दर रविवारी चाकांत हवा भरायची, आणि जाता-येता सीटवर हात ठेवायची. मुलगा उभा राहिला की त्याच्या कमरेचं हाड जिथे यायचं, त्याच्या जरा खाली तिचा तळवा टेकायचा. घरात त्याचा फोटोही होता. पण फोटोतला माणूस वीतभर असतो. तो खरा केवढा होता, हे सांगणारी तेवढी एकच वस्तू उरली होती.

"हिला काढ इथून," नवरा एकदा म्हणाला.

"अहो, तुमचं काय खाते ती?"

"झोप खाते. डोळे उघडले की वाटतं, आतल्या खोलीत बूट घालतोय. आत्ता येईल, सायकल उचलेल. रोज वाटतं. मला नाही गं होत आता."

तिने दोन-चार दिवस जाऊ दिले. मग क्लबात सांगितलं, सायकल विकायची आहे.

बघायला बरेच आले. उंच होते ते टेकून पाहायचे आणि हळहळून जायचे. बुटके खूश व्हायचे. "मस्त आहे मावशी, थोडी कापून घेतो," म्हणाले की मावशी सायकलवर फडकं टाकायची.

"चहा घेऊन जा," ती म्हणायची. सायकलचं नाव पुन्हा काढायची नाही.

शेवटी काचवाला आला. खिडक्यांना काचा बसवणारा, तिशीतला, क्लबात नवा, पण पाय दमदार. बोटांवर जुन्या चिरा. त्याने सायकलला हात लावण्याआधी विचारलं, "लावू का हात?" तिथेच मावशी जरा निवली.

"कापायची नाही," ती म्हणाली.

"मावशी, मी काच कापणारा माणूस. कापलेलं परत जोडता येत नाही, हे मला सांगता?"

"तोंडाने नको. बसून दाखव."

दाराच्या चौकटीत तिने त्याला धरलं. त्याने पाय अडकवले, कोपरं टेकवली आणि पॅडल उलटं फिरवू लागला. खाटेवरून नवरा बघत होता. मावशीच्या तळव्याला कळलं. पाय खाली गेला की त्या बाजूचा कुल्ला खाली सरकत होता, मग दुसरा; डावा, उजवा, डावा. सीट त्याला उंच होती. फार नाही. बोटभर.

"कशी आहे?" तिने विचारलं.

"बरोब्बर," काचवाला म्हणाला. त्याच्या कपाळावर घाम होता.

"बरोब्बर आहे," मावशीही म्हणाली.

खाटेवरच्याने पांघरूण ओढून घेतलं.

सायकल गेली तेव्हा भिंतीवर हँडल टेकत होतं तिथे एक काळा डाग राहिला. नवरा कूस बदलून त्या डागाकडे तोंड करून झोपू लागला. झोप काही आली नाही. मावशीला मात्र महिन्यातला एक रविवार परत मिळाला. काचवाला रेषेवर यायचा, चेहरा काळ्या भिंगाच्या टोपीआड, अंगाला चिकटलेला क्लबचा पोशाख. त्या पोशाखात आणि त्या टोपीत सगळी माणसं सारखीच दिसतात. मागून धरणाऱ्याला नुसती पाठ दिसते. मावशी सीटला हात लावायची, उंची हाताला ओळखीची लागायची, आणि घड्याळवाले मोजत असायचे तेवढा वेळ तिच्या हातात कोण आहे हे ती ठरवू शकत होती.

मग सोडायची. तो जायचा, आणि त्याचे कुल्ले डावी-उजवीकडे हलताना दिसायचे. ते दिसले की ती मान फिरवून पुढच्याची वाट बघायची.

पावसाळ्याआधी हॉस्पिटलच्या जिन्यातल्या फुटक्या काचा बदलायचं काम निघालं आणि तो तिथे आला. मावशी गाडाभर चादरी घेऊन चालली होती. तो शिडीवरून उतरत होता. एक पाय खाली ठेवायचा, दुसरा त्याच पायरीवर आणायचा, थांबायचा. म्हातारी माणसं बसमधून उतरतात तसा.

"काय रे, गुडघा?"

"काही नाही मावशी. शिडीवर उभं राहून राहून होतं."

"शिडी काल आली का तुझ्या आयुष्यात?"

तो हसला. तीही हसली. दोघांनाही माहीत होतं आणि दोघंही जिन्यात उभे होते. बोलायचंच असतं तर तिथे आड यायला कुणी नव्हतं. तिने गाडा ढकलला. त्याचं एक चाक कुरकुरत होतं. तळघरात पोचेपर्यंत तिने स्वतःला सांगितलं की जवान माणसं असली दुखणी अंगावरच काढतात. समोरच्या बाईने त्या दिवशी दोनदा विचारलं, "मावशी, आज तुमचंच टोक ढिलं का?"

हंगामाच्या शेवटी मोठी ट्रायल असायची. तिच्यातून क्लब बाहेर पाठवायला माणूस निवडायचा. त्या सकाळी आभाळ मळकट होतं आणि वारा आडवा. मावशीने एकेकाला धरलं, एकेकाला सोडलं. काचवाल्याची पाळी आली. तो रांगेतून सायकल घेऊन आला तो तिच्याकडे न बघता. बसला. एक पाय अडकवला आणि अंग तिच्या भरवशावर टाकून दुसरा उचलला.

मावशीचे हात सवयीच्या उंचीवर मिटले आणि हवेत मिटले. सीट तिथे नव्हती. सायकल एका अंगाला कलली. तिने हात खाली मारले आणि धरली.

"तीस सेकंद," घड्याळवाले म्हणाले.

"कधी?" मावशीने विचारलं.

टोपी खाली झुकली. मग आतून उत्तर आलं, "परवा."

"दुकानात?"

"हो. त्यांनी विचारलं, मावशींना सांगितलंस का. मी हो म्हटलं."

"पंधरा."

"डॉक्टर म्हणाले, असंच चाललं तर शिडी विसरा. मावशी, पोटाचा प्रश्न आहे. मी येणार होतो सांगायला. दारापर्यंत आलो होतो."

"पुढे बघ," मावशी म्हणाली.

त्याने मान खाली घातली. त्याचे दोन्ही पाय अडकलेले होते. त्याचं सगळं वजन तिच्या दोन तळव्यांवर होतं, आणि तिच्या तळव्यांना पुन्हा एक गोष्ट कळली, नको असताना: तो आता हलत नव्हता. सीटवर तो असा बसला होता, जसा एक जणच बसायचा. आता ती सायकल या माणसाची होती.

"पाच. चार. तीन. दोन. एक. जा!"

त्याने जोर लावला. सायकल गेली नाही.

तिला त्याला अडवायचं नव्हतं. अडवायचं असतं तर तिने नुसतं एका बाजूला सोडलं असतं आणि तो कोपरावर पडला असता. बोटं उघडत नव्हती, एवढंच. ती बोटं त्या बोटभर पोकळीत काहीतरी चाचपत होती.

"मावशी, हात!" घड्याळवाले ओरडले. "अहो, हात सोडा!"

सुटले. तो गेला. आडव्या वाऱ्यात, सरळ, एका रेषेत, न डुलता. ती या खेपेला शेवटपर्यंत बघत राहिली. रस्ता वळतो तिथे तो ठिपका झाला, आणि तो ठिपका ओळखीचा नव्हता.

पुढची मुलगी सगळ्यांत लहान चणीची, तिला सगळे चिमणी म्हणायचे. ती सायकल मागे घेत घेत मावशीपाशी आली, बसली, आणि थांबली. धरल्यासारखं वाटेना म्हणून तिने मागे वळून पाहिलं. मावशीचे हात वर होते, काहीही न धरता, सवयीच्या जागी.

"मावशी, खाली," चिमणी हसत म्हणाली. "मी इथे खाली आहे."

काचवाला परत आला तेव्हा घड्याळवाल्यांनी आकडा दोनदा तपासला. मुलाची वेळ मोडली होती. मावशीने रोखून धरलं तो सगळा क्षण धरूनही मोडली होती. पोरांनी गलका केला, मग तिच्याकडे बघून बंद केला. काचवाला सायकल हाताने ढकलत तिच्यापाशी आला. टोपी काढलेली, तोंडावर धूळ आणि मीठ. पाय लंगडत नव्हता.

"मावशी, रागावला असाल तर—"

"तुकडा कुठाय?"

"कसला?"

"कापलेला."

त्याने ओठ चाटले. "तो... दुकानातच केरात गेला. एवढासाच होता हो, अंगठीएवढा. ठेवायचा होता का?"

"नाही रे," मावशी म्हणाली. "कशाला?"

तिने रेषेवरची सुंभाची दोरी गुंडाळली, घड्याळवाल्यांची खुर्ची मिटून टेम्पोत ठेवली, आणि क्लबच्या खोलीकडे न वळता घरी आली. तिथे आता फळ्याचा वरचा कोपरा पुसत असतील, हे तिला ठाऊक होतं.

नवरा उशीला टेकून बसला होता. तिने चपला काढल्या, हात धुतले. बराच वेळ धुतले.

"कशी चालली आपली सायकल?" त्याने विचारलं.

"चांगली चालली. पहिली आली."

"आणि वेळ?"

"मोडली."

तो डागाकडे बघत राहिला. मग म्हणाला, "सीट?"

"सीटचं काय?"

"आहे तेवढीच आहे का?"

"तेवढीच आहे," मावशी म्हणाली. "तिला काय होणार आहे?"

बाहेर वारा वाढला होता. झडपेने एकदा हिसका दिला, पण खालच्या तुकड्याने तिला आपटू दिलं नाही.

"कापली त्याने," नवरा म्हणाला.

तिने ओले हात पुसले.

"कापणारच होता. दारात बसला होता तेव्हाच डुलत होता. मी इथून बघत होतो."

"मग तेव्हा बोलला का नाहीत?"

"तू धरलं होतंस त्याला," तो म्हणाला. "तू बोललीस?"

मावशी खिडकीपाशी गेली. तुकडा उपसून घेतला आणि दोन्ही हातांच्या मधे धरला, सीट धरते तसा. केवढ्या उंचीवर धरावा हे तिला काही केल्या नक्की होईना. जरा वर घेतला. जरा खाली घेतला. मागे झडप मोकळी झाली होती आणि आपटत होती, आपटत होती, आणि खाटेवरून तो म्हणत होता, "अगं, लाव ती. लाव तो तुकडा परत."